उज्जीवन सभा नको, बावन्न रविवार हवेत

अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जालना, नाशिक, सातारा, सोलापूर या भागांतल्या जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचं (म्हणजे चर्चच्या सभासद-समूहांचं) दुखणं आता झाकून राहिलेलं नाही. भक्कम दगडी चर्च, मिशनच्या काळातली घंटा, सभासदांच्या यादीत भरपूर कुटुंबं, पण साध्या रविवारी बाकं रिकामी. जे येतात त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे. तरुण मुलं दुपारी कुठल्यातरी हॉलमधल्या फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनागटाला जातात. नाव मात्र जुन्या मंडळीतच ठेवतात, कारण लग्न लावायचं तर इथे आणि माती द्यायची तर इथल्याच दफनभूमीत. कमिटीत दोन गट असतात आणि एखादं प्रकरण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पडून असतं. ‘मंडळीसाठी काहीतरी करायला हवं’ असं कोणी म्हणालं की तीन उपाय तयार असतात. एक, बाहेरचा नावाजलेला वक्ता बोलावून तीन दिवसांची उज्जीवन सभा, म्हणजे श्रद्धा पुन्हा जागवण्यासाठीचा मेळावा. दोन, तरुणांसाठी की-बोर्ड आणि ड्रमसेट. तीन, इमारतीची रंगरंगोटी.

ज्या गोष्टीवर काहीच खर्च होत नाही, म्हणून जिचा विचारही होत नाही, ती म्हणजे दर रविवारचं प्रवचन. खचलेली मंडळी उभी राहायची असेल तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्यातही एखाद्या गाजलेल्या प्रवचनाचा उपयोग नाही. एकाच पाळकानं (मंडळीच्या धर्मगुरूनं), एकाच पुलपिटवरून (प्रवचनाच्या व्यासपीठावरून), शास्त्राचं म्हणजे बायबलचं एकेक पुस्तक हातात घेऊन सलग तीन-चार वर्षं केलेली तयारीची प्रवचनं हवीत, आणि तोच माणूस आठवडाभर त्याच लोकांच्या घरी जाणारा हवा. यातला एक जरी भाग गळला तर बाकीचे फुकट जातात.

उज्जीवन सभेला विरोध करण्याचं कारण नाही, पण तिच्याकडून काय होतं आणि काय होत नाही हे पाहायला हवं. मांडव पडतो, फ्लेक्स लागतो, आजूबाजूच्या मंडळ्यांतून लोक येतात. तिसऱ्या रात्री माणसं डोळे पुसत पुढे येतात, आणि त्यांचं रडणं खरं असतं. पण वक्त्याला त्यांची नावं माहीत नसतात. कोणत्या दोन भावांत वाटणीवरून बोलणं बंद आहे, कोणाचा मुलगा दारूत बुडालाय, कमिटीच्या मागच्या निवडणुकीत कोणाचा अपमान झाला, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. तो सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघून जातो. पुढच्या रविवारी पुलपिटवर तेच, शनिवारी रात्री दहाला जुळवलेलं प्रवचन असतं, आणि पुढे आलेली माणसं पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. पंडिता रमाबाईंनी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या जागृतीचा दाखला नेहमी दिला जातो. पण तिथे जून महिन्यात जे घडलं त्याच्या आधी कित्येक महिने रोजची प्रार्थना चालू होती, आणि त्याही आधी बरीच वर्षं मुलींना रोज शास्त्र शिकवलं जात होतं. नंतरही पंडिता रमाबाई दुसरी सभा आखत बसल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून, गावातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्या संपूर्ण बायबलचं भाषांतर करत राहिल्या. १९२२ साली, मृत्यूच्या तोंडावर, ते काम पुरं झालं आणि १९२४ मध्ये छापून आलं. दाखला द्यायचाच तर तो सगळा द्यावा.

मोडकळीला आलेली मंडळी प्रवचनातून उभी राहण्याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण इंग्लंडमधल्या केंब्रिजचं आहे. १७८२ साली चार्ल्स सिमियन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण तिथल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये नेमला गेला. मंडळीला दुसराच माणूस हवा होता. त्या काळी बाकं कुटुंबांच्या मालकीची असत आणि त्यांना दारं असत. लोकांनी आपापल्या बाकांना कुलपं घातली आणि उपासनेला येणं सोडलं. सिमियननं स्वतःच्या खर्चानं मोकळ्या जागेत बाकं टाकली, तर चर्चच्या अधिकाऱ्यांनी ती उचलून बाहेर फेकली. दुपारच्या उपासनेचा वक्ता निवडण्याचा हक्क मंडळीकडे होता, तो त्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यालाच दिला. लोक मधल्या वाटेत उभं राहून ऐकत. हा विरोध दहा वर्षांहून जास्त चालला. सिमियन तिथेच राहिला, १८३६ मध्ये मरेपर्यंत, चौपन्न वर्षं. प्रवचनांचे त्यानं केलेले अडीच हजारांवर आराखडे पुढे एकवीस खंडांत छापले गेले. विद्यार्थ्यांना घरी बोलावून तो प्रवचन कसं बांधायचं हे शिकवत असे, कारण तसं शिकवणारा वर्ग विद्यापीठात नव्हता. त्याचा सहायक हेन्री मार्टिन पुढे हिंदुस्थानात आला आणि त्यानं नव्या कराराचं उर्दू भाषांतर केलं.

या हकिगतीत आपल्या कमिट्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे मुदत. पहिली दहा वर्षं कोणी हिशोब मांडला असता तर सिमियन अपयशी ठरला असता. आपल्याकडे तर तीन ते पाच वर्षांत बदली होते. पहिल्या वर्षी उपस्थिती घटली की कमिटीचे दोन सदस्य बिशपसाहेबांकडे अर्ज घेऊन जातात. खरं म्हणजे नीट प्रवचन सुरू झालं की पहिल्या वर्षी काही माणसं हमखास दूर होतात. आजवर ज्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, त्यांना शास्त्र विचारू लागलेलं असतं. उपस्थितीचा आकडा किमान दीड वर्ष तरी निकाल म्हणून वाचू नये. त्याऐवजी दुसऱ्या खुणा पाहाव्यात. किती जण बायबल घेऊन येतात? उपासना संपल्यावर वचनाबद्दल कोणी काही विचारतं का? बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत रविवारचा विषय आपणहून निघतो का? अबोला धरलेल्या घरांपैकी एखादं दुसऱ्याच्या दारात गेलं का?

आता सलग प्रवचनाबद्दल. ही काही नवी टूम नाही. झुरिकमध्ये धर्मसुधारक हुल्ड्रिख झ्विंगली १ जानेवारी १५१९ रोजी पुलपिटवर चढला आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून ओळीनं सांगू लागला. जिनिव्हातून १५३८ मध्ये हाकलून दिलेला दुसरा धर्मसुधारक जॉन काल्व्हिन १५४१ मध्ये परत आला, तेव्हा त्यानं तक्रारीचा एक शब्दही न काढता जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या वचनापासून सुरुवात केली. आपल्याकडची रीत उलट आहे. पाळकाच्या मनात आठवडाभर काहीतरी घोळत असतं, त्याला शोभेल असं एक वचन शोधलं जातं, ते वाचलं जातं, आणि मग वीस मिनिटं त्या वचनाकडे कोणी परत वळत नाही. वर्षभरात वीस-पंचवीस ठरलेल्या उताऱ्यांच्या बाहेर मंडळी जात नाही. हरवलेलं मेंढरू, उधळ्या पुत्र, तेविसावं स्तोत्र, मार्था आणि मरीया. लोकांना वाटतं शास्त्र आपल्याला पाठ आहे.

मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, मोठ्यानं वाचलं तर साधारण दीड तासात संपतं. पंचवीस ते तीस रविवारांत ते नीट सांगून होतं. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), नाताळ, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ), हंगामाचा सण, महिला आणि तरुणांचे विशेष रविवार वगळले तर एका वर्षात बरोबर बसतं. त्यातून जे होतं ते विषयवार प्रवचनातून होत नाही. दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान येशूच्या उजव्या-डाव्या हाताची जागा मागायला येतात आणि बाकीचे दहा चिडतात. हा उतारा कमिटीच्या निवडणुकीच्या तोंडावर मुद्दाम निवडला तर अर्धी मंडळी म्हणेल, पाळकसाहेबांनी आम्हाला टोमणा मारला. पण नवव्या अध्यायानंतर दहावा येणारच हे लोकांना आठ महिने आधी ठाऊक असेल, तर तो टोमणा उरत नाही. वचन आपल्या पायांनी चालत त्यांच्यापर्यंत येतं. पाळकाला हे मोठं संरक्षण आहे, आणि मंडळीलाही पाळकाच्या लहरीपासून संरक्षण आहे. जे त्याला आवडत नाही तेही त्याला सांगावंच लागतं.

बाराव्या अध्यायातल्या विधवेच्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) अर्पणाच्या रविवारी हमखास निघतात. त्याच्या आधीचं चाळिसावं वचन कोणी वाचत नाही. तिथे येशू विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडतो. लगोलग विधवा येते आणि उपजीविकेचं होतं नव्हतं ते पेटीत टाकते. दोन्ही एकत्र वाचले की हा उतारा अर्पण वाढवण्याचा राहत नाही. मंदिराच्या नावावर गरिबाचं काय होतं, असा प्रश्न विचारणारा होतो. ज्या मंडळीत मिशनच्या जमिनीवरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे तिथे हा प्रश्न पुलपिटवरून आला नाही, तर लोक तो चहाच्या टपरीवर विचारतातच.

यरुशलेमचा कोट पुन्हा बांधणाऱ्या, जुन्या करारातल्या नहेम्याचं तसंच. चर्चची दुरुस्ती निघाली की नहेम्या निघतो. कोट बांधायचा, एका हातात हत्यार, एका हातात काम, आणि चौथ्या अध्यायावर थांबून पावतीपुस्तक फिरतं. पाचव्या अध्यायात गरीब लोक ओरडून सांगतात की आमच्याच भाऊबंदांनी आमची शेतं गहाण घेतली, आमची मुलं दास झाली. तिथे नहेम्या श्रीमंतांना उभं करतो, व्याज सोडायला लावतो. बारा वर्षं सुभेदारीचा भत्ता आपण घेतला नाही, हेही त्याच अध्यायात आहे. आठव्या अध्यायात लोक पहाटेपासून दुपारपर्यंत उभे राहून नियमशास्त्र ऐकतात, लेवी (मंदिराचे सेवक) त्यांना अर्थ उलगडून सांगतात, लोक रडतात, आणि मग ज्यांच्या घरी काही शिजलं नाही त्यांना वाटे पाठवतात. प्रवचनानं मंडळी कशी उभी राहते याचा याहून स्पष्ट नकाशा जुन्या करारात नाही. आणि त्यात आठवा अध्याय पाचव्याच्या नंतर येतो, हे विसरू नये.

आपल्या पुलपिटवरचं सर्वांत मोठं मौन जातीबद्दल आहे. अहमदनगर आणि मराठवाड्यातल्या बहुसंख्य मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महार आणि मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी वस्त्या १९५६ नंतर बौद्ध झाल्या, म्हणजे एकाच भावकीत दोन धर्म आले. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीची सवलत नाकारली. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे अनेक घरांत कागदावर एक ओळख आणि रविवारी दुसरी. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव नको, असं मुलाच्या शिक्षणासाठी आईबाप सांगतात. यावर पुलपिटवरून दोनच सूर ऐकू येतात. एक तर काहीच नाही, किंवा ‘दोन दगडांवर पाय ठेवणारे ढोंगी’ अशी झोड. दुसऱ्या सुरानं घरंच्या घरं गमावली आहेत.

शास्त्रात यासाठी जागा आहे. दुसऱ्या राजांच्या पाचव्या अध्यायात कुष्ठ बरं झालेला परदेशी सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हाताला टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी. अलीशा त्याला झापत नाही. शांतीनं जा म्हणतो. या उत्तराचा अर्थ काय, ते किती लांब ताणायचं, कुठे थांबायचं, यावर एक अख्खं प्रवचन हवं, आणि ते भीतीखाली जगणाऱ्या माणसांसमोर त्यांच्या बाजूनं विचार करून केलेलं हवं. नोव्हेंबरातला दलित मुक्ती रविवार अनेक ठिकाणी निवेदन वाचून संपतो. तिथे आमोसाचा पाचवा अध्याय पूर्ण उलगडला, तर ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळालं नव्हतं त्या घरांतली मुलं कान देऊन ऐकतील. हॉलमधली फेलोशिप त्यांना आजारातून सुटका आणि नोकरीचं आश्वासन देते. त्यांच्या इतिहासाबद्दल ती क्वचितच बोलते. जुन्या मंडळीजवळ तो इतिहास आहे, पण ती तो सांगत नाही.

तयारी कशी करायची हे नेमकं सांगायला हवं, कारण ‘चांगली तयारी करा’ एवढ्यानं कोणाचं भलं झालेलं नाही. एका प्रवचनाला आठवड्यात दहा ते बारा तास लागतात. सोमवारी उतारा मोठ्यानं चार-पाच वेळा वाचावा, बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतरात आणि रमाबाईंच्या भाषांतरातही. दोन्हींत जिथे फरक दिसेल तिथे खूण करावी. बहुधा तिथेच मूळ वाक्य अवघड असतं. मंगळवारी आधीचा आणि नंतरचा अध्याय, हे कोण कोणाला आणि का सांगतोय, हे लिहून काढावं. टीकाग्रंथ त्यानंतर उघडावा, आधी उघडला की स्वतःचं वाचन मरतं. बुधवारी घरगुती प्रार्थनासभेत येत्या रविवारचाच उतारा वाचावा आणि जमलेल्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. काय कळलं नाही? कुठे राग आला किंवा पटलं नाही? कोणाची आठवण झाली? उत्तरं वहीत टिपावीत, नावं न घेता. पाळकाला जे अवघड वाटतं ते लोकांना वाटतंच असं नाही, आणि लोक जिथे अडतात तिथे पाळक अनेकदा सहज पुढे गेलेला असतो. गुरुवारी संपूर्ण प्रवचन एका वाक्यात लिहावं. ते वाक्य लिहिता येत नसेल तर प्रवचन अजून झालेलं नाही, सुरुवातीची गोष्ट कितीही छान सुचलेली असो. शुक्रवारी पूर्ण मजकूर लिहावा. शनिवारी उभं राहून, घड्याळ लावून मोठ्यानं बोलावं आणि एक चतुर्थांश कापावं.

हे पाळकाला जमत नाही, कारण त्याचा आठवडा त्याच्या हातात नसतो. दाखले, शाळेच्या बोर्डाची बैठक, तलाठी कार्यालय, कोर्टाची तारीख, आजारी माणसाला घेऊन ससूनला किंवा घाटीला जाणं, आणि अंत्यविधी कधी येईल सांगता येत नाही. म्हणून कमिटीनं ठराव करून दोन सकाळी, समजा मंगळवार आणि गुरुवारी नऊ ते बारा, पाळकाला मोकळ्या द्याव्यात. त्या वेळात फक्त मृत्यू आणि दवाखाना एवढ्यासाठीच दार वाजवावं. कागदपत्रं आणि कोर्टाचं काम कमिटीतल्या एका माणसानं उचलावं. मंडळीच्या पुनरुज्जीवनासाठी कमिटीला करता येण्याजोगी याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक गोष्ट माझ्या माहितीत नाही. अंत्यविधीच्या आठवड्यात प्रवचन छोटं करावं. उतारा बदलू नये आणि जुनं प्रवचन काढू नये, लोकांना ते बरोबर ओळखू येतं.

लांबीबद्दल. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रेषितीय बोधपत्रात मिस्सामधल्या (कॅथलिक उपासनेतल्या) प्रवचनाच्या तयारीवर कितीतरी परिच्छेद लिहिले, आणि २०२४ मध्ये तर आठ मिनिटांहून जास्त बोलू नका असं फादरांना सांगितलं. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामात ते योग्यच आहे, तिथे मिस्साचा मध्य ख्रिस्तप्रसाद आहे. जिथे प्रभुभोजन महिन्यातून एकदाच होतं त्या प्रॉटेस्टंट उपासनेत आठ मिनिटं अपुरी आहेत, पण पन्नास मिनिटांचंही समर्थन होत नाही. वीस ते बावीस मिनिटं धरावीत. मराठीत सावकाश, कळेल असं बोललं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे लिहिलेला मजकूर अडीच हजार शब्दांच्या आत. त्रोवसात प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. आणि तिथे बोलणारा पौल होता.

बांधणीसाठी इंग्रजी पुस्तकांतले तीन मुद्दे आणि तीन एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द मराठीत ओढून आणण्याची गरज नाही. आपल्याकडे कीर्तन आहे. पूर्वरंगात वचन घेऊन निरूपण, मध्ये पद, उत्तररंगात आख्यान, शेवटी पुन्हा त्या वचनाकडे. अहमदनगरच्या ख्रिस्ती लोकांनी एकोणिसाव्या शतकातच हा साचा उचलला, कृष्णराव सांगळ्यांची पदं गावोगाव गेली. नारायण वामन टिळकांनी तर अभंगात ख्रिस्त आणला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. ‘उपासना संगीत’मधली त्यांची गीतं लोकांना तोंडपाठ आहेत. प्रवचन मार्काच्या वादळावर असेल तर मध्ये थांबून एक कडवं सगळ्यांनी म्हणावं, पेटी-तबल्यावर, बसल्या जागी. म्हाताऱ्यांना ते आपलं वाटतं, तरुणांना नवं वाटतं. निरूपणाला आख्यानाइतका वेळ मिळाला पाहिजे, एवढं मात्र जपावं. आख्यान रंगलं की निरूपण आटतं, आणि मग करमणूक उरते.

भाषेचा प्रश्न इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांमुळे आणखी अवघड झालाय. त्यांना गीतांचं पुस्तक भरभर वाचता येत नाही. म्हणून अर्धं वाक्य इंग्रजीत बोलणं हा तोडगा नाही, त्यानं आजीही सुटते आणि नातूही. घरात आई मुलाशी ज्या मराठीत बोलते त्या मराठीत प्रवचन करावं. नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, समेट असे शब्द टाळता येत नाहीत, टाळूही नयेत. पण दर वेळी एका साध्या वाक्यात उकलून मगच वापरावेत.

ऐकूच आलं नाही तर हे सगळं वाया जातं. जुन्या चर्चची छतं उंच, भिंती दगडी, त्यामुळे आवाज घुमतो. समोर दोन मोठे स्पीकर लावून आवाज वाढवला की घुमणं आणखी वाढतं आणि मागच्या बाकांवर फक्त गुंजन पोचतं. बाजूच्या भिंतींवर, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे वर, चार किंवा सहा छोटे उभे स्पीकर खाली झुकवून कमी आवाजात लावावेत. वाक्याच्या शेवटी आवाज पडू देऊ नये, मराठीत क्रियापद शेवटी असतं आणि तेच ऐकू आलं नाही तर वाक्याचा होकार-नकारही कळत नाही. शास्त्रवाचन करणाऱ्याला उतारा गुरुवारीच द्यावा आणि घरी तीनदा मोठ्यानं वाचायला सांगावं. अडखळत, नावं चुकवत वाचलेला उतारा प्रवचनाआधीच लोकांच्या मनातून उतरलेला असतो.

प्रवचनाच्या हातात काय नाही, तेही सांगायला हवं. हिशोब लपवणाऱ्या कमिटीची मंडळी कितीही चांगल्या प्रवचनानं उभी राहत नाही. लोक पुलपिटकडे पाहतात आणि मग सूचनाफलकावरच्या हिशोबाकडे. दर तीन महिन्यांनी जमाखर्च फलकावर लागला पाहिजे, पाळकाच्या भत्त्यासकट. पुलपिटवरून भांडणाचा जाब देणारा पाळक एका रविवारात वर्षभराचं काम घालवतो, कारण समोरच्याला तिथे उत्तर देता येत नाही. न आलेल्यांबद्दल आलेल्यांना रागावणं हे तर सगळीकडे चालतं, आणि त्यानं आलेलेही कमी होतात. पौलानं इफिस इथल्या मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) सांगितलं की मी चार लोकांत आणि घरोघरी शिकवलं, आणि ते तीन वर्षं. घरभेटीशिवायचं प्रवचन हवेत जातं. आठवड्याला सहा घरं, प्रत्येकी अर्धा तास, आधी न येणाऱ्यांची. तिथे हजेरीचा विषय काढायचा नाही. ऐकायचं, एक छोटा उतारा वाचायचा, प्रार्थना करायची, चहा प्यायचा आणि निघायचं. शंभर घरांची मंडळी या गतीनं चार महिन्यांत एकदा पूर्ण होते. दुसऱ्या फेरीनंतर पाळकाच्या प्रवचनातले दाखले आपोआप बदलतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा रेल्वेपुलाची गोष्ट जाऊन ऊसतोडीला गेलेल्या घराचं कुलूप येतं. ओळख पटेल असा तपशील मात्र कधीही पुलपिटवर आणू नये, चांगल्या हेतूनंसुद्धा.

खेड्यांचा प्रश्न वेगळा आहे. एका पाळकाकडे चार-पाच गावं, प्रत्येक गावात तो महिन्यातून एकदा पोचतो. उरलेले तीन रविवार स्थानिक वडील किंवा शिक्षक उपासना घेतात आणि बहुधा उत्स्फूर्त साक्ष देऊन वेळ निभावतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कोणी शिकवलेलं नाही. महिन्यातला एक शनिवार, तीन तास, सगळ्या गावांतल्या या माणसांना एकत्र बसवावं आणि पुढच्या चारही रविवारचे उतारे बरोबर वाचावेत. प्रत्येक उताऱ्यासाठी दोन पानांचं टिपण द्यावं. प्रसंग काय, अवघड शब्द कोणते, मुख्य गोष्ट कोणती, लोकांना विचारायचा एक प्रश्न कोणता. त्यांनी उतारा दोनदा वाचावा, टिपणातल्या दोन गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगाव्यात, प्रश्न विचारून थांबावं. बारा मिनिटं पुरतात. गावातल्या बायबल शिकवणाऱ्या स्त्रियांना या बैठकीतून वगळू नये. बऱ्याच ठिकाणी उतारा सर्वांत नीट वाचणारी व्यक्ती तीच असते. असं केल्यानं पाचही गावं एकाच रविवारी एकच अध्याय ऐकतात, आणि बाजाराच्या दिवशी भेटल्यावर त्यांना बोलायला विषय मिळतो.

शेवटी बिशपसाहेब आणि धर्मप्रांताच्या कार्यकारिणीकडे मागणी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च-संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून बदलीचा अधिकार वरच राहिला, आणि त्याचे फायदेही आहेत. एखाद्या गटाच्या दावणीला पाळक बांधला जात नाही. पण खचलेल्या मंडळीत नेमलेल्या पाळकाला किमान पाच वर्षं हलवू नये, पुढे सात करता आली तर करावीत. पहिल्या अठरा महिन्यांत त्याच्याविरुद्ध आलेले अर्ज पैशाचे किंवा चारित्र्याचे नसतील तर ते फाइलला लावून ठेवावेत. बदली मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत, होते ते ठीक, पण पुस्तक अर्धवट असेल तर नव्या पाळकानं तेच पुढे चालवावं. त्यासाठी जाणाऱ्यानं येणाऱ्याच्या हाती तीन वह्या द्याव्यात. एकीत तारखेवार सांगितलेले उतारे, दुसरीत घरभेटींची नोंद, तिसरीत बुधवारच्या सभेत लोकांनी विचारलेले आणि अजून उत्तर न मिळालेले प्रश्न.